मुळाच्या आतली झाडं

थोरलीच्या रोपवाटिकेत मातीलासुद्धा इस्त्री केलेली असते, असं शेजारीपाजारी म्हणत. अगदीच खोटं नव्हतं ते. पिशव्यांत भरायची माती ती आधी लोखंडी ड्रममध्ये वाफवून काढायची. किडे नकोत, रोग नको आणि बुरशी तर नावालाही नको! 'बुरशी' हा शब्द ती थुंकून टाकल्यासारखा उच्चारायची.

यंदाची लिंबाची रोपं डोंगरउतारावरच्या मुरमाड जमिनीत लावायची होती. जमीन दोघी बहिणींची, पण तिथं आजवर काही धड जगलं नव्हतं. रोपांना पहिल्यापासून सवय व्हावी म्हणून पिशव्यांत उतारावरचीच माती भरली होती, अर्थात वाफवून. रोपं बोटभर वाढली आणि अडून बसली. कुंपणालगतची एक रांग मात्र गुडघ्याला लागली होती, पानं अशी हिरवीगार की दृष्ट लागावी.

"सगळं खत त्या एकाच रांगेला ओतलंस ना?" थोरलीनं विचारलं.

"नाही गं, ताई," धाकटी म्हणाली.

"मग काय हवा खाऊन वाढली?"

एरवी एकाला दहा ऐकवणारी धाकटी खाली मान घालून उभी राहिली. थोरलीचा पारा चढला. "तुझ्याच्यानं हे होणार नाही. तू आपली शहरात जा. मी बघते माझं."

बोलून गेली खरी. पण एकटीनं हा पसारा रेटणं तिला झेपणारं नव्हतं, आणि झेपलं असतं तरी धाकटीशिवाय तिथं तिला करमलं नसतं. तोंडातून सुटलेला शब्द आता गिळायचा कसा? धाकटीनं खरोखरच बॅग भरायला घेतली.

रोपांना काही रोग आहे का ते बघावं, म्हणून थोरली एक खुरटलेलं आणि एक तरारलेलं रोप माती तपासणाऱ्या बाईंकडे देऊन आली. दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. मुळं निळ्या रंगात बुडवून काचेवर ठेवली होती. खुरटलेल्या रोपाचं मूळ अगदी लख्ख दिसत होतं. थोरलीला मनातून बरं वाटलं.

मग बाईंनी काच बदलली.

मुळाच्या आत, पेशीपेशीत, इवलीइवली झाडं उभी होती. खोड, खोडाला फांद्या, फांद्यांना आणखी फांद्या! त्यांच्यापासून निघालेले धागे मुळाबाहेर पसरत गेले होते.

"हे काय आहे?"

"बुरशी," बाई म्हणाल्या.

थोरली झटकन मागे सरली. "म्हणजे रोगच की!"

"रोग कसला? झाडाची सोबतीण आहे ही. मूळ शिरत नाही अशा फटीत हिचे धागे शिरतात, तिथलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, आणून झाडाला देतात. झाड तिला साखर देतं. माती जेवढी गरीब, तेवढी हिची गरज जास्त. तुमच्या खुरट्या रोपात ती का नाही, तेच कळेना. माती भाजता का?"

थोरलीनं पुन्हा डोळा लावला. ज्या उताराला आपण ओसाड म्हणत आलो, त्याच्या पोटात हे एवढं चाललंय, आणि आपण वरून खुशाल चपला घालून फिरतोय. आपण फार लहान आहोत असं तिला वाटलं, आणि त्याचं काही वाईट वाटलं नाही.

परतली तेव्हा धाकटी बॅग घेऊन फाटकाशी उभी होती.

"कुंपणालगतच्या पिशव्यांत वाफवलेली माती होती?"

धाकटीनं सुस्कारा सोडला. "तू तापानं पडली होतीस. मला ड्रम पेटवायचा कंटाळा आला. उतारावरच्या झुडपाखालची माती तशीच भरली, मुळ्याबिळ्यांसकट. तुला सांगितलं असतं तर जिवंत सोडलं असतंस?"

"नसतंच सोडलं!" थोरली हसली, पण डोळे भरून आले होते. "अगं, मुळाच्या आत झाडं आहेत. झाडं! तुझ्या आळसानं ती वाचवली आणि मी इथं बसून शिजवत होते. चुकलं माझं. तू जाऊ नकोस."

धाकटीनं फाटकाच्या कडीवरचा हात काढला.

"कुठलं झुडूप? किती खोल खणलं होतंस? मला दाखव."

लहानपणापासून थोरलीनं दाखवायचं आणि धाकटीनं करायचं, असंच चालत आलं होतं. धाकटीनं क्षणभर विचार केला, बॅग मोठ्या बहिणीच्या हातात दिली आणि फावडं उचलून उताराकडे पुढं चालू लागली.