द्राहोमिराबाईंची सही

एकोणनव्वदच्या नोव्हेंबरात प्रागमध्ये कम्युनिस्ट सरकारच्या पोलिसांनी विद्यार्थ्यांना झोडपलं आणि देशभरच्या नटांनी संप पुकारला. आमच्या पोलादाच्या गावातलं नाट्यगृहही त्यात उतरलं. पडदा रोज वेळेवर उघडायचा, पण नाटक व्हायचं नाही. नट विद्यार्थ्यांचं पत्रक वाचायचे, मग प्रेक्षक बोलायचे.

गुरुवारी वाचायची पाळी द्राहोमिरा कुबिशोवांची होती. वय अठ्ठावन्न; तीस वर्षं याच रंगमंचावर राण्या नि सासवा रंगवलेल्या. पत्रक त्यांनी खणखणीत वाचलं. टाळ्या ओसरल्या तसा फाउंड्रीतला काद्लेत्स उठला.

"बाई, सत्त्याहत्तर साली काही लोकांनी हक्क मागितले, तर त्यांचा धिक्कार करणाऱ्या कागदावर इथल्या नटांनी सह्या केल्या. तुमचं नाव मी पेपरात वाचलंय. मग आज तुमचं का ऐकायचं?"

विंगेतून दिग्दर्शक 'पुढे चला' म्हणून खुणावत होता. दुसऱ्याने लिहून न दिलेलं वाक्य त्या इथे कधी बोलल्याच नव्हत्या.

"केली सही," त्या म्हणाल्या. "त्या लोकांनी काय लिहिलंय ते वाचलंसुद्धा नव्हतं. कामं जातील म्हणून भ्याले. माझा हात धरून कुणी सही करवली नव्हती."

काद्लेत्स टोपी चुरगाळत उभाच होता. मग हळू आवाजात त्याने सांगितलं, की कारखान्याच्या सभेत त्यानेही तेव्हा त्या धिक्काराच्या बाजूने हात वर केला होता. त्याच्यामागून एक शिक्षिका उठली, मग ट्रामचा ड्रायव्हर. जो तो आपलं सांगू लागला.

निघताना काद्लेत्स बाईंपाशी आला. "उद्या सकाळी सहाला फाउंड्रीच्या फाटकाशी या. सोमवारच्या देशव्यापी संपात उतरायचं का ते ठरवायचंय. पण सुरुवातीला वाचलंत तसं नको, नंतर बोललात तसं बोला."

सकाळी त्या गेल्या तर कारखान्याच्या साहेबांनी फाटकाला कुलूप घातलं होतं. तेव्हा बाई बाहेरून बोलल्या, कामगारांनी आतून ऐकलं.

"पगार सरकारच देतं ना तुम्हाला?" एकाने टोमणा मारला.

"आतापर्यंत तरी दिला. पुढचं सांगवत नाही," बाई म्हणाल्या, आणि कुंपणापलीकडे हशा पिकला. मतं घेतली तेव्हा बहुतेक हात वर होते.

सोमवारी दुपारी बाराला फाउंड्री दोन तास थांबली. माणसं चालत नाट्यगृहात आली. बाईंना बसायला जागा उरली नाही. दारात उभ्या राहून त्या ऐकत राहिल्या. रंगमंचावर क्रेन चालवणारी एक बाई, हातात कागद नसताना, निवडणुका कशा व्हाव्यात ते सांगत होती, आणि तिसऱ्या रांगेतला एकजण तिच्याशी हिरिरीने वाद घालत होता.