मलमाच्या पर्चीवर साखर

मी एक जुना खल आहे. चिनी मातीचा, पांढरा, काठावर एक टवका उडालेला. आज मी जबलपूरच्या विजय नगरात एका फ्लॅटमध्ये दाराजवळच्या टेबलावर बसून असतो आणि माझ्या पोटात स्कूटरच्या चाव्या, सुटी नाणी आणि केसांची रबरं असतात. घरची विनीता आल्यागेल्याला मोठ्या कौतुकानं सांगते, "हा ना, आमच्या पणजोबांचा आहे. एकदम अँटिक!" ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. अँटिक काय, अँटिक! मित्रांनो, मी शोभेची वस्तू नाही. मला औषध घोटायला घडवलं होतं. पण ऐन कामाच्या वर्षांत मला घोटू दिलं नाही, आणि त्या न घोटलेल्या औषधापायी एका भल्या माणसाची नोकरी गेली. विनीताला यातलं काही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतो, नीट ऐका.

माझा जन्म इथल्याच एका पॉटरीत झाला. तिथे सांडपाण्याचे नळ आणि लोणच्याच्या बरण्या भाजत. मला मात्र बाहेरून चकचकीत आणि आतून खरखरीत ठेवलं, कारण आतून गुळगुळीत असतो तर औषधाची भुकटी नुसती घसरत राहिली असती. माझा बत्ता माझ्याबरोबरच भाजला गेला. जबलपूरच्याच कांचघर भागात औषधांचं दुकान असलेल्या विष्णुपंतांनी, म्हणजे विनीताच्या पणजोबांनी, मला बोटाच्या पेरानं टकटक वाजवून पाहिलं, आवाज पसंत पडला आणि उचलून घेतलं.

तुम्हाला गोळ्यांची पाकिटं पाहायची सवय. तेव्हा तसं नव्हतं. डॉक्टर पर्ची लिहीत आणि दुकानदार औषध स्वतः बनवत. पुड्या, मिक्श्चर, मलम, सगळं. विष्णुपंतांचा हात मलमावर फार चांगला होता. जस्ताची पांढरी भुकटी माझ्यात घालायची, तिच्यात मेंढीच्या लोकरीतून निघणाऱ्या चरबीचा इवलासा गोळा टाकायचा आणि घोटत बसायचं. सगळी चरबी एकदम ओतली की कण राहतात, म्हणून थोडी थोडी, दम धरून. झालं असं वाटलं की ते मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहत. कण लागला की पुन्हा सुरुवात!

त्यांची बायको शरयू बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता म्हणे, "पुरे ना आता. हात आहे का तेलघाणा?"

"मलमात कण म्हणजे भातात खडा," विष्णुपंत म्हणत आणि घोटत राहत. काय दिवस होते ते! कांचघरात लोक म्हणत, मलम घ्यावं तर विष्णुपंतांकडचं. मला वाटे, हे माझंच कौतुक आहे, आणि थोडंफार होतंही.

मग ते दुसरं मोठं युद्ध आलं. शहराबाहेरच्या फॅक्टरीत रात्रंदिवस तोफगोळे भरू लागले आणि माणसं कमी पडू लागली. गावोगावचे लोक कामाला आले. तोफगोळ्यांत भरायची ती स्फोटकाची पिवळी भुकटी मोठी वाईट. हात पिवळे होत, खाज सुटे, कुणाकुणाची कातडी फाटे. म्हणून कामगारांनी आपला एक आजारी फंड काढला होता. प्रत्येकाच्या पगारातून थोडं थोडं फंडात जाई. कुणी आजारी पडला की फंडाचे डॉक्टर पर्ची लिहीत, आमच्या दुकानातून औषध मिळे आणि त्याचं बिल फंड भरे. गरिबाच्या खिशाला हात लागू नये, अशी ती सोय. मित्रांनो, इतकी चांगली सोय माणसानं किती लवकर नासवावी, याला काही सुमार?

फंडाचे डॉक्टर होते भय्यासाहेब. गोरेपान, गोडबोले, हातात छडी. एका दुपारी ते दुकानात आले, माझ्या काठावर छडी टेकवली आणि म्हणाले, "विष्णुपंत, ह्या हातांच्या खाजेवर मी आता भारीतलं मलम लिहिणार आहे. परदेशी झाडाच्या चिकाचं, बाल्समचं. पर्च्या सगळ्या तुमच्याकडेच पाठवीन. आमची मात्र आठवण ठेवा म्हणजे झालं."

"पण बाल्सम मिळून कुठं राहिलं, साहेब? जहाजंच बंद आहेत."

"अहो, मी लिहीन. तुम्ही बिल लावा. डब्यात काय आहे ते कोण पाहायला येतंय? फंडाचा पैसा, कुणाच्या बापाचा थोडाच आहे!"

विष्णुपंत बाटल्यांची झाकणं उगाच घट्ट करत राहिले. मी मनात म्हणत होतो, नाही म्हणा, अहो नाही म्हणा! पण पुढच्याच चौकात एक नवं दुकान उघडलं होतं आणि पर्च्या तिकडे जायला डॉक्टरांची एक मान हलायचा अवकाश होता. विष्णुपंतांनी मान डोलावली. त्या दिवसापासून दर बिलातला एक हिस्सा मुकाट्यानं भय्यासाहेबांकडे जाऊ लागला.

आधी मलमात बाल्सम नसे. मग जस्त कमी होत होत डबीत नुसतं व्हॅसलीन उरलं. मग विष्णुपंतांना वाटलं, नुसतं व्हॅसलीन तरी कशाला द्यायचं? आणि तिथं साखर आली.

साखरेची गंमत अशी, की युद्धामुळे ती रेशनवर गेली होती आणि चहा गुळाचा करायची पाळी आली होती. पण औषधवाल्याला पाक करण्यासाठी वेगळं परमिट मिळे. कडू मिक्श्चर गोड कशानं करणार, नाही का? तर विष्णुपंत ती औषधाची साखर मलमाच्या पर्चीवर देऊ लागले! बाया पर्ची आणत, कागदावर मलम मिळालं म्हणून अंगठा देत आणि पदराखाली साखरेचा पुडा घेऊन जात. फंडाला बिल जाई परदेशी मलमाचं. सगळे खूश. भय्यासाहेब खूश, विष्णुपंत खूश, कांचघरच्या बाया तर विष्णुपंतांना देवमाणूस म्हणायच्या. आपल्याच घरधन्याच्या पगारातून कापलेला पैसा आहे हा, हे कुणाच्या डोक्यात येऊ नये?

शरयू तेवढी एकदा बोलली. "औषधाची साखर लोकाइच्या चहात चालली. हे बरं करून राहिले का तुम्ही?"

"तू चिठ्ठ्या चिकटव," विष्णुपंत म्हणाले.

आणि मी? मला घासून पुसून दुकानाच्या काचेत ठेवलं. पोटात झेंडूची फुलं, शेजारी बत्ता आडवा. दसऱ्याला मला हळदकुंकू लागे. रस्त्यावरचे लोक पाहून म्हणत, जुना कारागीर आहे, सगळं हातानं घोटतो. मी आतून कोरडा ठणठणीत! असा संताप येई, की वाटे उडी मारून फुटून जावं.

त्या बायांमध्ये एक इंदिरा होती. मझौली गावाकडची, कामसू, हसतमुख. तिचा नवरा पुंडलिक फॅक्टरीत भुकटी भरायच्या कामावर होता. त्याच्या हातांना खाज होती, पण तशी ती सगळ्यांनाच होती. भय्यासाहेब न विचारता दर आठवड्याला त्याच्या नावानं पर्ची फाडत आणि इंदिरा साखर नेई. घरात त्यांची लहानगी बेबी होती, तिला गोड केलेलं दूधच लागे. ह्यात लबाडी आहे असं तिला खरंच वाटत नव्हतं. दुकानदार देतो, डॉक्टर लिहितो, सगळी गल्ली नेते. तिनं एकटीनं काहून नाही म्हणावं?

असं वर्ष गेलं. एका सकाळी ती आली ती धावतच. डोळे रडून सुजलेले.

"काका, त्यांचे हात फाटले हो! बोटं मिटत नाहीत. रक्त येऊन राहिलं. आणि आज बोर्डानं त्यांना अनफिट केलं."

हळूहळू सगळं बाहेर आलं. पुंडलिकचे हात पाहायला फॅक्टरीत डॉक्टरांचं बोर्ड बसलं होतं. त्यांनी त्याचे कागद मागवले. कागद म्हणत होते, की ह्या माणसाला वर्षभर सर्वांत भारी मलम मिळालेलं आहे. इतकं भारी मलम लावूनही हात असे? म्हणजे हा आजार जाणारा नाही. कामाला कायमचा निकामी. घरी जा.

"काका, त्यांनी मलम लावलंच नाही कधी. तुम्हाला तर माहीत आहे. तुम्ही चला आणि साहेबाला एवढं सांगा, का मलम नाही, साखर दिली होती. त्यांची नोकरी वाचते."

विष्णुपंतांचा चेहरा पांढराफटक पडला. ते म्हणाले, "अच्छा, अच्छा. आधी त्याचे हात बरे करू. मग पाहू."

आणि मित्रांनो, त्यांनी मला काचेतून काढलं! फुलं फेकली, मला गरम पाण्यानं धुतलं, कपाटाच्या तळातून चांगलं जस्त काढलं. सवय मोडली होती, खांदा भरून येत होता, तरी थांबले नाहीत. थोडी चरबी, आणखी थोडी. मनगटाला लावलं, कण लागला, पुन्हा घोटलं. मीही जीव तोडून साथ दिली. वर्षभरानं मी कामाला आलो होतो. परदेशी बाल्सम त्यात नव्हतंच, आणि खरं सांगू? त्याची गरजही नव्हती. हे साधं मलम पहिल्या दिवशी दिलं असतं तरी पुरलं असतं. इंदिरेनं डबी दोन्ही हातांत धरून नेली.

पुंडलिकच्या हातांवर खपली धरली, मग नवी कातडी आली. इंदिरा आनंदानं बोर्डाकडे धावली, तर तिथे उत्तर तयार! "काम बंद आहे म्हणून बरे झाले. कामावर आला की पुन्हा फाटतील. मलमानं ह्याला गुण येत नाही, हे कागदावर आहे."

मग तिनं मन घट्ट केलं आणि फंडाच्या कचेरीत जाऊन खरं ते सांगून टाकलं. मी साखर घेतली, माझं चुकलं, काय दंड करायचा तो करा, पण त्यांना मलम मिळालेलं नाही. इतक्या बायांनी साखर नेली, पण तोंड उघडलं ते हिनं एकटीनं.

चौकशीला फंडाचे कारकून मुरलीधरजी दुकानात आले. नेमके तेव्हाच भय्यासाहेब बाकावर छडी फिरवत बसलेले. इंदिरा दाराशी उभी. मुरलीधरजींनी सरळ विचारलं, "विष्णुपंत, ही बाई म्हणते मलम दिलंच नाही. दिलं होतं का नाही?"

विष्णुपंतांनी भय्यासाहेबांकडे पाहिलं. मग आपल्या दुकानाकडे पाहिलं. आतल्या दारातून शरयू म्हणाली, "बोला ना! काहून गप बसले?"

"दिलं होतं," विष्णुपंत म्हणाले. "दर आठवड्याला. माझ्या हातानं घोटून."

आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं! माझ्याकडे! मला तोंड असतं तर मी सगळं कांचघर गोळा केलं असतं. माझं पोट हुंगून पाहा म्हणालो असतो, त्या एका डबीआधी वर्षभर त्यात झेंडूशिवाय काही पडलेलं नव्हतं. पण मी पडलो मातीचा. मुरलीधरजी मान डोलावून निघून गेले. भय्यासाहेब म्हणाले, "चलो, मिटलं एकदाचं." इंदिरा पायरी उतरून चालू लागली. तिला एवढा मोठा माणूस तोंडावर खोटं बोलेल असं वाटलंच नव्हतं.

भय्यासाहेबांचं काय झालं म्हणता? काही झालं नाही. युद्ध संपेपर्यंत ते पर्च्या लिहीत राहिले आणि पुढे त्यांनी मोटार घेतली. ह्याच गोष्टीचा मला आजवर वैताग आहे.

मझौलीला परत जायच्या दिवशी पुंडलिक दुकानात आला. मी त्याला तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. उंच, मुकाट, खाली मान घालून बोलणारा. त्यानं फळीवर दोन्ही हात उताणे ठेवले. स्वच्छ, गुलाबी, एक चीर नाही. विष्णुपंतांना राहवलं नाही. सगळं विसरून ते त्या हातांवर वाकले, बोटानं कातडी चाचपली आणि लहान मुलासारखे हरखून म्हणाले, "वा! पाहा, कसे बरे झाले! म्हटलं नव्हतं मी?"

"हो, काका," पुंडलिक म्हणाला. "हात बरे झाले. आता ह्याइले काम सांगा."

विष्णुपंतांनी फडकं उचललं आणि ते मला पुसू लागले. पुंडलिकनं हात उचलले आणि तो गेला.

मित्रांनो, माझ्यात चाव्या ठेवा, नाणी ठेवा, मी आता काही म्हणत नाही. पण म्हाताऱ्याचं एवढं ऐका. पर्चीवर औषध लिहिलं असेल तर औषधच मागा. त्याच्या बदल्यात कुणी साखर देवो, साबण देवो, गोड बोलून काहीही देवो, घेऊ नका आणि न मिळालेल्या औषधावर अंगठा देऊ नका. एक दिवस ते औषध तुम्हाला खरंच लागेल, आणि कागदावर ते तुम्ही केव्हाच लावून संपवलेलं असेल.