ठेवणीतलं वाक्य

आमच्या घरात बोलताना कोणी अडकलं की त्याला पुढचा शब्द मिळायचा. मागावा लागत नसे. एखादा पाहुणा "ते हे... काय म्हणतात त्याला" असं म्हणत हवेत बोटं फिरवायला लागला की आई स्वयंपाकघरातून, मी अभ्यासाच्या टेबलावरून आणि बाबा वर्तमानपत्राआडून एकदमच त्याच्या अंगावर शब्द फेकायचो. काही पाहुणे यामुळे पुन्हा आले नाहीत. आमचं त्यांच्यावाचून काही अडलं नाही.

याला कारण बाबांचं काम. ते नाटकाच्या थिएटरात प्रॉम्प्टर होते. विंगेत, पडद्याच्या दोरांशेजारी एका बुटक्या स्टुलावर बसायचे. मांडीवर नाटकाची वही, हातात पिवळा कागद चिकटवलेली बॅटरी. सगळं नाटक तोंडपाठ असलं तरी बोट ओळीवरून सरकत राहायचं. नट अडखळला की श्वासाच्या आवाजात त्याला पहिले दोन-तीन शब्द द्यायचे, जास्त नाही. जास्त दिले की नट आळशी होतो, हे त्यांचं ठाम मत. पहिल्या रांगेतल्या माणसाला तो आवाज ऐकू यायचा नाही, आणि पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या नटाला बरोबर पोचायचा. नटमंडळींनी त्यांचं नाव 'कुजबुजे' ठेवलं होतं. खरं आडनाव पगाराच्या दिवसापुरतं उरलं होतं.

आई त्याच थिएटरच्या कपडेपटात शिवणकाम करायची. ओठांत टाचण्या धरून नटीच्या अंगावरच झगा बेतायची, आणि एकही टाचणी न पाडता, ओठ न हलवता तिला सरळ उभी राहा म्हणून दटावायची. मला लहानपणी वाटायचं, सगळ्या आया अशाच बोलतात. शाळा सुटली की मी थेट विंगेत जायची आणि बाबांच्या पायाशी फळीवर बसायची. सरस, धूळ आणि तापलेल्या दिव्यांचा तो वास अजून कुठे आला तर माझा पाय अडतो. आता त्या थिएटरच्या जागी गाद्यांचं दुकान झालंय. तिथली गादी मी फुकट दिली तरी घेणार नाही.

बाबांकडे एक ठेवणीतलं वाक्य होतं. कधीकधी नट मधली पानं गाळून भलतीकडे उडी मारायचा आणि तो नक्की कुठे आहे हे बाबांनाही कळायचं नाही. अशा वेळी ते त्याला द्यायचे, "खरं सांगायचं तर..." कुठल्याही नाटकात, कुठल्याही पात्राच्या तोंडी हे चालतं, असं ते म्हणायचे. माणूस एवढं बोलला की पुढचं त्याचं त्याला सुचतं. माझा नवरा पहिल्यांदा घरी आला, "मी आणि तुमची मुलगी" इथवर येऊन घामाघूम झाला, तेव्हा वर्तमानपत्रामागून हेच वाक्य आलं. "खरं सांगायचं तर," तो बिचारा म्हणाला, "मला तुमची भयंकर भीती वाटते." बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं, आणि लग्न ठरलं.

असा माणूस शब्द विसरायला लागला, आणि आम्हाला पत्ता लागला नाही. आई होती ना. पंखा, चष्मा, शेजाऱ्याचं नाव, दुपारचं जेवण झालं की व्हायचंय, सगळं ती पुरवत होती. आधी ते अडकल्यावर द्यायची, मग अडकायच्या आतच द्यायला लागली. ती जवळ असली की बाबा खणखणीत. एकदा ती दात काढायला गेली आणि मी बाबांपाशी बसले. त्यांनी स्वतःच्या चपला हातात घेतल्या आणि मला विचारलं, या कोणाच्या? मी हसले. ते हसले नाहीत.

पुढे तपासण्या झाल्या, मेंदूचे फोटो निघाले, आणि आजाराला नाव मिळालं, अल्झायमर. रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या, बोलायला सरळ. त्यांनी सांगितलं की एका नव्या औषधाची चाचणी सुरू आहे. गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं कदाचित जास्त दिवस टिकेल. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि कोणाला काय मिळालं हे शेवटपर्यंत कोणालाच कळणार नाही. आजार सुरू झालाय पण फार पुढे गेला नाही, अशांनाच घेतात. त्यासाठी स्मरणाची एक परीक्षा द्यायची. मी म्हटलं, घ्या. आईने तर हात जोडले. तिच्या आईचंही असंच झालं होतं. तेव्हा साठी बुद्धी नाठी म्हणून सगळे मोकळे झाले होते आणि आजीला आतल्या खोलीत ठेवलं होतं. आता निदान कोणीतरी औषध शोधतंय, हेच तिला केवढं वाटत होतं.

परीक्षेला आई बाबांच्या डाव्या खांद्यामागे खुर्ची ओढून बसली. वार कोणता, महिना कोणता, शंभरातून सात वजा करत जा. बाबांनी धडाधड सांगितलं. तीन शब्द लक्षात ठेवायला दिले होते, खिडकी, लिंबू आणि चाक. थोड्या वेळाने विचारल्यावर तेही आले, त्याच क्रमाने. डॉक्टरीणबाई चक्रावल्या. फोटोत आजार दिसतोय आणि गुण मात्र पैकीच्या पैकी. इतक्या गुणांवर चाचणीत घेता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. आईचा चेहरा मात्र मी वर्गात पहिली आल्यासारखा फुलला होता.

घरी चहा पिताना मला चैन पडेना. मी बाबांना सहज विचारलं, ते तीन शब्द कुठले होते? बाबांनी मान डावीकडे वळवली आणि वाट पाहिली. आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. मिटलेल्या ओठांमधून आवाज आला, "खिडकी. लिंबू. चाक."

मी कप आपटला. तेवढा माझा स्वभाव आहेच. म्हटलं, कॉपी करून पास केलंस त्यांना, आणि पास केलंस म्हणून औषध गेलं. आधी ती नाही नाही म्हणाली. मग मला वाटतं, तिलाही तेव्हाच उमगलं की आपण काय करत होतो. ती खुर्चीत बसली.

"माणूस उजेडात उभा आहे, त्याला वाक्य आठवत नाही, सगळे बघतायत," ती म्हणाली. "आणि मी गप्प बसू?"

"हो," मी म्हटलं. "एकदाच बस."

मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून टाकलं. टाचण्यांचं ऐकून त्या हसल्या, आणि प्रश्न बदलून पुन्हा परीक्षा घ्यायला तयार झाल्या. आईला बाहेर ठेवा, असं मी म्हटलं, तर त्यांना तिच्याशीही बोलायचं होतं. मग तिची खुर्ची समोर, बाबांपासून लांब मांडली. आईने खोकल्याची गोळी तोंडात टाकली आणि ओठ घट्ट मिटले.

पहिल्याच प्रश्नाला बाबांनी डावीकडे पाहिलं. तिथे भिंत होती. त्यांनी पुन्हा पाहिलं. मग समोर बसलेल्या आईकडे पाहिलं, आणि आईने नजर पायांकडे नेली. कोणता महिना, ते सांगता आलं नाही. वजाबाकी एका पायरीनंतर थांबली. तीन शब्दांपैकी एक आला. आयुष्यभर ज्यांनी कुणाला उघड्यावर पडू दिलं नाही, ते असे उघड्यावर बसले होते, आणि आपल्या बापाने नापास व्हावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते. नापास व्हावं, पण फार वाईट नको. अशी प्रार्थना कुठल्या देवाला कळणार? मला रडू येत होतं आणि राग येत होता, दोन्ही एकदम.

डॉक्टरीणबाईंनी पेन ठेवलं आणि आईकडे वळून विचारलं, "तुमच्या लक्षात पहिल्यांदा कधी आलं?"

हा प्रश्न मीही तिला कितीदा विचारला होता. प्रत्येक वेळी "वय झालंय, दुसरं काय" असं म्हणून ती उठून जायची. आता उठायला जागा नव्हती. तिने तोंड उघडलं, मिटलं. गोळी दातांवर वाजली. हातातल्या रुमालाचं टोक ती पिळत राहिली. मी सवयीने पुढे झुकले, पण द्यायला माझ्याकडे शब्दच नव्हता.

आणि श्वासाच्या आवाजात, ओठ जेमतेम हलवून, बाबा म्हणाले, "खरं सांगायचं तर..."

आईने वर पाहिलं.

"खरं सांगायचं तर," ती म्हणाली, "थिएटर बंद झालं त्याच्याही आधी." शेवटच्या नाटकाच्या एका प्रयोगात बाबांनी दोनदा चुकीचं पान दिलं होतं. नटांनी सावरून घेतलं, कोणी चकार शब्द काढला नाही. त्या रात्रीपासून ती विंगेत त्यांच्या मागे उभी राहायला लागली, टाचण्या तोंडात धरून. आम्हाला वाटायचं, म्हातारपणी दोघांचं प्रेम उतू चाललंय. तिने सगळं सांगितलं, चपला, चाव्या, एकदा बाबा आरशातल्या स्वतःलाच वाट द्यायला बाजूला झाले ते. ती बोलत होती तोवर बाबांचं बोट मांडीवरून सावकाश सरकत होतं, ओळीमागून ओळ. ती थांबली तेव्हा तेही थांबलं.

डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले नाहीत, पण चष्मा उगाचच पुसला. बाबांना चाचणीत घेतो म्हणाल्या. औषध मिळेल की पाणी, ते सांगता येणार नाही, हे पुन्हा सांगितलं. आई म्हणाली, पाणी तर पाणी, कोणाला तरी औषध मिळेल ना.

बाहेर व्हरांड्यात आई पुढे चालत होती. बाबांनी माझा दंड धरला आणि माझ्या कानाशी वाकले.

"तुझ्या आईने वाक्यं बदलली," ते म्हणाले. "वहीत असं नव्हतं."

"मग?" मी विचारलं.

ते अडकले. मी ओठ घट्ट मिटून घेतले आणि थांबले. आई जिन्यापाशी पोचली, वळून आमची वाट पाहायला लागली, तरी मी थांबले.

"पण बरं बोलली," बाबा म्हणाले.