दोघेही एकाच बाजूला

मित्रांनो, मी एक जुना उपग्रह आहे. तुमच्या छपरावरची तबकडी बिनघोर एकाच दिशेला तोंड करून बसते, ती माझ्या भरवशावर. तुम्हाला वाटते, मी आकाशात खिळा ठोकल्यासारखा स्थिर आहे. कसला स्थिर! चंद्र ओढतो, सूर्य ओढतो, आणि पृथ्वीही सगळीकडून सारखी ओढत नाही. जरा दुर्लक्ष झाले की मी सरकलोच! मग खालून आज्ञा येते, माझी चिमुकली इंजिने फुसफुसतात आणि मी नेमून दिलेल्या जागी परततो. जिवाला उसंत म्हणून नाही.

आज्ञा देणाऱ्या बाईंना सगळे ‘मास्तरीणबाई’ म्हणत. त्यांचे फोन माझ्यामार्फतच जात, म्हणून त्यांचा करडा आवाज माझ्या ओळखीचा. शेजारच्या जागेवर दुसऱ्या कंपनीचा उपग्रह होता. तो एका खोकणाऱ्या आजोबांच्या ताब्यात. कोण कोणाच्या हद्दीत घुसतो, यावरून दोघांचे एकदा वाजले आणि बोलणेच बंद झाले.

एके दिवशी शेजाऱ्याचे इंजिन अडकले आणि तो थेट माझ्या दिशेने वाहत येऊ लागला. बाईंनी मला घाईने थोडे वर सरकवले. पुन्हा गणित मांडले, तर टक्कर तशीच! बाईंनी राग गिळला आणि फोन लावला.

“मी शेजारून बोलतेय. तुम्ही काही हलवलंत का?”

“हो, इंजिन जरा चाललं. वर घेतला, तुम्हाला वाट द्यायला.”

“अहो, मीही वरच घेतला!”

आजोबांना खोकल्याची उबळ आली. “बाई, माझं इंजिन पुन्हा बंद पडलंय.”

“मग तुम्ही कशालाच हात लावू नका. मी खाली येते.”

“नक्की ना?”

“नक्की. पण आधी सांगायचं तरी!”

“तुम्ही तरी कुठे सांगितलंत?”

बाई चक्क हसल्या. मी मात्र जीव मुठीत धरून खाली उतरलो. शेजारी आपले पंख पसरून माझ्यावरून निघून गेला.

त्या धावपळीत माझे बरेच इंधन संपले. आता लवकरच मला या जागेवरून उठवून निकामी उपग्रहांच्या कक्षेत धाडतील. त्याचे दुःख आहे, पण तक्रार नाही. मित्रांनो, शेजाऱ्याशी कितीही बिनसले तरी अबोला धरू नका. आपण मनातल्या मनात दिलेली वाट त्याला दिसत नाही.