वॉशिंग मशीनच्या मोटरीवर लेथ

उजव्या हाताची तीन बोटं कारखान्यात गेली तेव्हा लेथवर धातू कातणाऱ्या टर्नरबाईला जो तो एकच सांगायचा, जीव वाचला यातच मिळवलं. सांगणाऱ्यांची दहाही बोटं जागेवर होती, त्यांना म्हणायला काय जातंय! फोरमन हॉस्पिटलात फळं घेऊन आला. म्हणाला, लेथवर आता जमायचं नाही, हँडल धरणार कशाने? पण स्टोअरची खुर्ची रिकामी आहे. हत्यारं मोजून द्यायची, मोजून परत घ्यायची, डोक्याला ताप नाही. बाईने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो फळं टेकवून लगेच उठला. ज्या हाताने आयुष्यभर पितळेचे बुश, यंत्रांत बसणाऱ्या त्या आखूड नळ्या, कातले, त्याच हाताने आता दुसऱ्यांना हत्यारं वाटायची. दुधाची तहान ताकावर भागवायची, तीही दुसरे दूध पिताना बघत.

नवरा शिंपी. पुढच्या खोलीत, दाराशीच त्याचं शिलाई मशीन. त्याचं मत सरळ होतं: खुर्ची मिळतेय तर बसावं, रुसून पोट भरत नाही. त्याचंही चुकत नव्हतं, म्हणून तर बाईला त्याचा जास्त राग यायचा.

मग ती धाकट्या भावाकडे गेली. त्याचं वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान, आणि दुकानामागे मेलेल्या मशीनांचा हा ढीग. त्यातली एक मोटर दे म्हणाली. हाताला हँडल धरवत नसेल तर हँडलच नसलेलं लेथ करू. पुढे-मागे करायचं काम कॉम्प्युटर करेल, कुठवर जायचं ते मी सांगेन.

भाऊ हसला. "ताई, या मोटरीने जन्मभर चादरी फिरवल्यात."

"मग आता पितळ फिरवेल."

स्वयंपाकघरातलं जेवणाचं टेबल गेलं आणि तिथे जाड लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा आला. पितळेचा गज फिरवायला वॉशिंग मशीनची मोटर, पट्ट्याने जोडलेली. हत्यार पुढे-आत सरकवायला जुन्या प्रिंटरांतून काढलेल्या दोन छोट्या मोटरी. भावाने एक म्हातारा कॉम्प्युटर जोडून दिला, आणि बाई डाव्या हाताच्या एका बोटाने त्यात आकडे भरायला बसली. घरातले जमिनीवर बसून जेवायला लागले. शेजारीण म्हणाली, बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय वाटतं. बाईने ते ऐकलं आणि शेजारणीच्या घराकडची खिडकी मुद्दाम उघडी ठेवली. आवाज तिकडेही जाऊ दे म्हणाली.

एक गोष्ट मात्र तिने भावाला न विचारता केली. मोटरीच्या शेपटीला एक छोटी कडी होती, बारीक तारेची, दोन वायरी बाहेर आलेल्या. वेग मोजायची असणार, हे तिने ओळखलं आणि पक्कड लावून उचकटून टाकली. वेग मोजायला यंत्र कशाला? मुरलेला टर्नर वेग कानाने ओळखतो.

पहिल्या कापाला हत्यार पितळेला टेकलं आणि मोटर गळपटली. बाईच्या कानाने ते ताबडतोब ओळखलं: ओझं होतंय, हत्यार मागे घे. पण मागे घ्यायला हँडलवर हातच नव्हता. कॉम्प्युटरला काय, तो ठरल्याप्रमाणे रेटत राहिला. हत्यार रुतलं, गज वाकला, पट्ट्याला जळका वास सुटला. बाईने प्लग ओढला आणि तिथेच फरशीवर बसून रडली. हॉस्पिटलात रडली नव्हती. आपला कान शाबूत आहे आणि त्याचं ऐकणारा हात गेला, हे तिला खरं तर त्या दिवशी कळलं.

भावाने मोटर उलटी करून पाहिली आणि कपाळावर हात मारला. ती कडी मोटरीचा वेग तिला वीज पुरवणाऱ्या सर्किटला कळवते. वेग पडला की सर्किट जोर वाढवतं. "तू तिचा कानच कापलास," तो म्हणाला. ढिगातल्या एकाही मोटरीची कडी बसेना. बसेल अशी एकच होती, आणि ती बाईच्या घरातल्या चालू वॉशिंग मशीनमध्ये होती.

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. बाईला होती, ती तिने तासाभरापुरती बाजूला ठेवली. नवरा आत आला तेव्हा मशीन उघडं पडलं होतं आणि त्याचे शर्ट साबणाच्या पाण्यात तरंगत होते.

"अगं, चालतं मशीन फोडलंस?"

"बंद मशीनमध्ये नव्हती हो ती कडी."

त्यानंतर तो बोलायचा बंद झाला. कपडे मात्र न सांगता स्वतःच पिळायला लागला, कारण तिच्या हाताला पीळ देता येत नव्हता. बाईला ते दिसत होतं. पण माफी मागायला जीभ वळत नव्हती.

कडी बसवली, सर्किट जोडलं, नवा गज लावला. त्याच सकाळी फोरमन दाराशी आला. आत आवाज पोचत होता: स्टोअरची खुर्ची आता अडवून ठेवता येत नाही, बाईंनी आत्ताच हो म्हणावं, नाहीतर दुसऱ्याला देतो. बाईचा काप नुकताच सुरू झाला होता. हत्यार पितळेला टेकलं, मोटर किंचित दबली आणि कुणी सांगायच्या आत आपणहून सावरली. पितळेचा बारीक कीस एकसारखा उडायला लागला. तिला हसू फुटलं, पण कान दाराकडे होते. नवरा आता हाक मारणार. घरासाठी म्हणून हो म्हण म्हणणार, आणि त्याला नाही म्हणायचं तोंड आपण ठेवलेलं नाही.

पुढच्या खोलीतलं शिलाई मशीन थांबलं.

"आत्ता तिला उठवता येणार नाही," नवरा म्हणाला. "कामावर आहे ती."

"कामावर? कुठे लागली?"

"लेथवर आहे," नवरा म्हणाला. "ती खुर्ची तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी द्या."

बाईने मान वर केली नाही. शेवटच्या कापाचे आकडे भरायचे बाकी होते, आणि डोळे भरलेले असताना माप चुकतं.