एकोणीस खुणांचा फळा

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो, आणि सध्या काष्टी गावात गहिनीनाथच्या परसात कोंबड्यांच्या खुराड्याचं दार म्हणून काम करतो. हसायचं असेल तर हसून घ्या, मला सवय झाली आहे. पण एक काळ असा होता की शनिवारच्या बाजाराला आलेली माणसं भाजी घ्यायच्या आधी मला वाचायला यायची. मी सांगेन ती बातमी आणि मी सांगेन तो भाव, असा माझा थाट होता.

माझा जन्म केडगावच्या एका सुताराच्या हातचा. तिथून मी काष्टीच्या शाळेत आलो. दर वर्षी मुलं जुन्या सेलमधली काळी पूड आणि वेलीचा पाला चोळून मला नव्यासारखा करायची. पाढे, शुद्धलेखन, सुविचार, सगळं मी अंगावर वागवलं. पुढे माझा एक कोपरा तुटला, वर्गाच्या भिंतीत सिमेंटचा फळा आला आणि माझी रवानगी व्हरांड्यात झाली. तिथे माझ्यावर ओले डबे वाळत घालायचे. फार वाईट दिवस होते ते.

तिथून मला उचललं गहिनीनाथने. त्याचा एक पाय लहानपणीच पोलिओने गेलेला. तो कुबडी घेऊन चालायचा. त्र्याण्णव साली त्याने दौंडच्या रस्त्याला पिवळ्या पाटीचं एसटीडी बूथ टाकलं. गावात घरोघरी फोन कुठले असणार? पुण्या-मुंबईला गेलेली माणसं गहिनीनाथच्याच नंबरवर फोन करायची आणि म्हणायची, “आमच्या घरी तेवढा निरोप द्या.” घरं तर वस्त्यांवर, कुणाचं दोन मैल, कुणाचं तीन. गहिनीनाथ कुबडी टेकत जाणार तरी किती? म्हणून त्याने मला शाळेतून मागून आणलं, बूथच्या बाहेर खिळ्यांवर टांगलं आणि आपल्या बारीक, उजवीकडे चढत जाणाऱ्या अक्षरात पहिला निरोप लिहिला: “मालनबाई यांस, मुलगी झाली. दोघी खुशाल.”

संध्याकाळपर्यंत मालनबाईला सहा जणांनी ही बातमी सांगितली. सहाव्या माणसालासुद्धा तिने साखर दिली म्हणे.

मग काय विचारता! निरोप आले, लिंबाचे भाव आले, “टेम्पो पुण्याला रिकामा जाणार आहे” असं आलं, “गाय विकणे आहे” असं आलं. टेम्पोवाल्या श्रीमंतला माझ्यामुळे इतकी भाडी मिळाली की बाजाराच्या दिवशी तो येऊन ओल्या फडक्याने मला पुसायचा. आणि माणसं माझ्यावर एकमेकांची थट्टाही करायची. श्रीमंतची म्हैस विकायला होती, त्या ओळीखाली कुणीतरी लिहिलं, “दूध किती अन् लाथा किती?” त्याखाली दुसऱ्याने लिहिलं, “दोन्ही येळंला.” गहिनीनाथ पुसायचा, हसायचा आणि पुन्हा कुणीतरी लिहायचं. माझ्यामुळे गाव एकमेकांच्या जवळ आलं असं मला वाटायचं, आणि ते खोटं नव्हतं.

आता त्या खुणेचं सांगतो. निरोप वाचून जो माणूस तो पोचवणार असेल, त्याने निरोपापुढे खडूने बरोबरची खूण करायची, अशी रीत पडली. खूण दिसली की गहिनीनाथला समजायचं, काम झालं. सोपी आणि चांगली रीत होती. पण हळूहळू लोकांना खूण करायचीच गोडी लागली. नुसतं वाचलं तरी खूण, बातमी आवडली तरी खूण. ज्यांना वाचता येत नसे तेही दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे आणि हौसेने खूण करायचे. शेजारी चहाची टपरी चालवणारी दगडाबाई तर सगळ्यांना सांगत सुटली होती, “माझ्या नातवाच्या बारशाला बारा खुना पडल्या!”

आणि मी? मी फुशारून गेलो होतो. ज्या दिवशी अंगावर खुणा जास्त, तो दिवस मला सणाचा वाटायचा. खरं सांगायचं तर निरोप पोचतो की नाही, याकडे माझंही लक्ष राहिलं नव्हतं.

शहाण्णव साली एक दिवस सीमा बूथवर आली. ओढ्यापलीकडे, बुद्धविहाराच्या अंगाला जी वस्ती आहे, तिथल्या सहादू आणि आक्काबाईची ही मुलगी. श्रीगोंद्याला आयटीआय केलेलं, इलेक्ट्रॉनिक्सचं. आक्काबाईने काट्यांनी हात फाटेपर्यंत लोकांची लिंबं तोडली आणि तिला शिकवलं. शिकून झाल्यावर आई म्हणाली होती, “एक वरीस वाट बघू. न्हाईच लागली नोकरी, तर माझ्यासंगं लिंबं तोडायला चल.” त्या वर्षाचा शेवटचा महिना चालू होता. नगरजवळच्या नागापूरच्या एका कारखान्यात सीमा अर्ज करणार होती.

“गहिनीभाऊ, अर्जात तुमचा फोन नंबर घालू का?” तिने विचारलं.

“घाल की. नंबर काय माझ्या एकट्याचा हाय व्हय?” गहिनीनाथ म्हणाला.

पुढे वीसेक दिवसांनी, शुक्रवारी दुपारी कारखान्यातून फोन आला. गहिनीनाथने लगेच मोठ्या अक्षरांत माझ्यावर लिहिलं: “सीमा सहादू. नागापूरला मुलाखत. सोमवारी सकाळी दहा. मूळ कागद आणावेत.” दुसऱ्या दिवशी बाजार. पोरीला बोलावणं आलं, याचा लोकांना खरोखर आनंद झाला. एकाने खूण केली, दुसऱ्याने केली, बघता बघता एकोणीस खुणा झाल्या. इतक्या खुणा मला कधीच मिळाल्या नव्हत्या. गहिनीनाथने संध्याकाळी मोजल्या आणि तो दगडाबाईला म्हणाला, “एकोनीस मानसं गेली म्हंजी तिला आता झोपेतबी कळलं असंल!” रविवारी त्याने मला पुसून लिंबाचा नवा भाव लिहिला.

सोमवारी अकरा वाजता सीमा आली. सहादूला चार दिवस ताप होता, म्हणून त्या शनिवारी घरातलं कुणीच बाजाराला आलं नव्हतं. ती औषध न्यायला आली होती. जाता जाता सहज थांबली.

“गहिनीभाऊ, माझा फोन न्हाई ना आला?”

गहिनीनाथच्या हातातला खडू खाली पडला.

त्याने तिथल्या तिथे कारखान्यात फोन लावला, आपली चूक सांगितली, हात जोडून बोलला. पलीकडचा माणूस भला होता, पण नागापूर दोन तासांवर आणि मुलाखती संपत आलेल्या. जागा भरली. पुन्हा निघाली तर कळवू, असं तो म्हणाला.

मग चौकशी सुरू झाली. “मला वाटलं, श्रीमंतचा टेम्पो तिकडूनच जातो,” दगडाबाई म्हणाली. “एवढ्या खुना बघून मला वाटलं, तिला कवाच कळलं असंल,” श्रीमंत म्हणाला. ज्याला विचारावं त्याला दुसराच कुणीतरी गेला असेल असं वाटलेलं. खोटं कुणीच बोलत नव्हतं. त्या वस्तीवर गावातलं सहज म्हणून कुणी जात नसे. का जात नसे, ते माझ्यावर कधी कुणी लिहिलं नाही, पण माहीत सगळ्यांना होतं.

सीमा रडली नाही. माझ्यासमोर उभी राहिली. घाईने पुसल्यामुळे तिच्या नावाची अक्षरं भावाच्या खाली अजून पुसट दिसत होती.

“एकोनीस जनांनी वाचलं, भाऊ,” ती म्हणाली. “एकानं चालायचं हुतं.”

औषधाची पुडी घेऊन ती निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती आईबरोबर लिंबं तोडायला जाऊ लागली. मला त्या वेळी वाटलं, आपण शाळेच्या व्हरांड्यातच कुजायला हवं होतं.

गहिनीनाथने माझ्या वरच्या काठावर रंगाने लिहून टाकलं, “खूण एकच. खाली नाव.” खुणा आटल्या. नाव घालायचं म्हटल्यावर हात आखडतो, मित्रांनो! मी आधी रुसलो, पण निरोप मात्र पोचू लागले.

दोन महिने गेले. एका मंगळवारी दुपारी पुन्हा कारखान्याचा फोन आला. एक मुलगी काम सोडून गेली होती. सीमाने उद्या दहाच्या आत हजर व्हावं. गहिनीनाथने खडू घेतला आणि माझ्या तुटक्या कोपऱ्याजवळ “सीमा” एवढंच लिहिलं. मग तो थांबला. बाजार शनिवारी. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्याने खडू ठेवला, बूथचं शटर ओढलं आणि कुबडी काखेत घेतली.

“आरं, एवढ्या लांब कुटं निगालास?” दगडाबाई ओरडली. “पाठव की कुनालातरी!”

“मागच्या येळंला कुनालातरीच पाठवलं हुतं,” गहिनीनाथ म्हणाला आणि ओढ्याच्या दिशेने चालू लागला.

मला खिळ्यांवरून हलता येत नाही. मी फक्त कुबडीचा आवाज लांब जाताना ऐकला. ज्याला लांब चालता येत नाही म्हणून मला इथे टांगलं होतं, तोच माणूस मला मागे ठेवून चालत निघाला होता. ऊन उतरता उतरता श्रीमंतच्या टेम्पोतून तो परत आला. वाटेत श्रीमंतने त्याला पाहिलं होतं आणि शरमून गाडीत घेतलं होतं. गहिनीनाथची काख सोलून निघाली होती, पण मांडीवर आक्काबाईने दिलेली लिंबांची पिशवी होती आणि तोंडावर हसू मावत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीला सीमा आली, कागदांची पिशवी छातीशी धरून. गाडीला थोडा वेळ होता. ती माझ्याजवळ आली, खडू उचलला आणि आपल्या नावापुढे बरोबरची एक खूण केली. खाली नाव लिहिलं, “गहिनीनाथ”. तो कोपरा त्याने पुढे कधी पुसला नाही.

आता नव्व्याण्णव साल आहे. घराघरांत फोन आले, माझी गरज संपली, मी खुराड्यावर आलो. त्याचं दुःख आहे, पण फार नाही. परवा सीमा दिवाळीला आली होती. ती अजून त्याच कारखान्यात आहे. ती गहिनीनाथला सांगत होती की नगरात एका दुकानात कॉम्प्युटरवर निरोप लिहितात आणि जगात कुठेही बसलेली माणसं तो वाचतात. मी कान टवकारले. म्हणजे माझाच भाऊ, फक्त माझ्याहून फार मोठा! त्यावरही माणसं थट्टा करतील, धंदा करतील, बारशाच्या बातम्या देतील. त्यावरही खुणा पडतील, एकोणीस नव्हे, एकोणीस हजार.

मित्रांनो, तो फळा तुमच्या घरी आला तर त्याला माझा नमस्कार सांगा. त्यावर खुशाल लिहा, हसा, एकमेकांना शोधून काढा. पण कुणाचं काम अडलेलं दिसलं, तर खूण करण्याआधी एकदा विचारा, की जाणार कोण आहे? आणि उत्तर ऐकू आलं नाही, तर खडू खाली ठेवा आणि चपला घाला.