आधी बाबांचा हात

माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणते, आणि ते खरं आहे. कॉलेजात दोन प्राध्यापकांशी आणि घोड्यांच्या दवाखान्यातल्या एका साहेबांशी माझं चांगलंच वाजलेलं आहे. जगात एकाच माणसापुढे मी कधी तोंड उघडलं नाही. तो माणूस म्हणजे माझे बाबा.

बाबा गुरांचे डॉक्टर. गाय गाभण आहे की नाही हे ते तीस वर्षं नुसत्या हाताने तपासून सांगत आले. खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा चढवायचा, मागून हात आत घालायचा, तोंड भिंतीकडे वळवून डोळे मिटायचे. मग एकच शब्द, 'आहे' किंवा 'रिकामी'. त्या एका शब्दावर मालक वर्षभराचा बेत ठरवायचे. मी सात वर्षांची असल्यापासून रविवारी त्यांच्याबरोबर जायचे. माझं काम गायीची शेपटी बाजूला धरून ठेवायचं, म्हणून गोठ्यागोठ्यांवर माझं नाव पडलं शेपूट. आता मी चोवीस वर्षांची आहे, पशुवैद्यकीची पदवी हातात आहे, तरी शेपूटच.

मोजा माझ्या मापाला यायला लागला तेव्हापासून आमची एक पद्धत पडली. आधी बाबांचा हात, मग माझा. बाबा उत्तर सांगून नळावर हात धुवायला जायचे आणि मी त्यांच्या मागून तपासून बघायचे, गणिताचं उत्तर पुस्तकाच्या शेवटी ताडून बघावं तसं. परत जाताना गाडीत ते विचारायचे, "हात घातलास?" मी म्हणायचे, "हो." "मग?" आणि मी त्यांचंच उत्तर त्यांना परत सांगायचे, कारण ते बरोबरच असायचं.

त्या सुट्टीत मी पदव्युत्तर प्रवेशाचा फॉर्म घेऊन घरी आले होते. शस्त्रक्रिया, औषधोपचार, लहान प्राणी, प्रजनन, यांतला एक विषय निवडायचा होता, आणि खाली दोन ओळींची जागा होती, 'हा विषय निवडण्याचे कारण'. मला विचार करायचाच नव्हता. प्रजनन, म्हणजे गाभण राहण्यापासून विण्यापर्यंतचं सगळं. बाबांचा विषय. कारणाच्या जागी मी पेन्सिलीने 'माझे वडील' एवढंच लिहून ठेवलं होतं. रात्री जेवताना बाबांनी चष्मा लावून फॉर्म वाचला आणि म्हणाले, "लहान प्राणी घे."

"कुत्री-मांजरी?"

"का, त्यांना जीव नसतो? स्वच्छ खोली, बसायला खुर्ची. लाथ नाही, शेण नाही."

"बाबा, माझा हात चांगला आहे. विभागात सगळे म्हणतात."

"हात आहे गं," ते म्हणाले. "पण..." आणि पानावरून उठले.

तो 'पण' मला फार लागला. दुसरं कुणी असतं तर मी त्याला उभा-आडवा घेतला असता. बाबांपुढे मूग गिळून बसले आणि नंतर स्वयंपाकघरात भांडी आपटली. सतरा वर्षं ज्यांच्यासाठी शेपट्या धरल्या, त्यांनाच माझी लायकी वाटत नाही, असं मी आईला ऐकवलं. आई म्हणाली, "भांड्याला पोचा येईल, त्यांच्या मताला नाही यायचा. जा, त्यांनाच विचार." मी विचारलं नाही.

दोन दिवसांनी आम्ही मावशींच्या गोठ्यावर गेलो. मावशी नात्यातल्या नाहीत. नवरा गेल्यापासून पाच गायींवर घर चालवतात, आणि मला लहानपणापासून ओळखतात. त्यांची तांबडी गाय दोन वर्षं सारखी उलटत होती. कितीदा रेतन करून भरवली तरी गाभ राहत नव्हता. शेवटची भरवून दोन महिने झाले होते आणि त्यानंतर ती माजावर आली नव्हती.

"राहिली असेल का हो, डॉक्टर?" मावशींनी विचारलं. "मी अजून कुणाजवळ बोललेच नाहीये."

बाबांचा हात बराच वेळ आत होता. मी शेपटी धरून उभी होते. त्यांच्या कानामागून घाम ओघळत होता.

"रिकामी," ते म्हणाले.

मावशींचं तोंड उतरलं. बाबांनी तिथल्या तिथे माजावर आणायचं इंजेक्शन दिलं आणि ते नळाकडे गेले. मावशी टॉवेल घेऊन त्यांच्या मागे गेल्या. मी सवयीने मोजा चढवला.

आणि माझ्या बोटांना ते लागलं. गर्भपिशवीची एक बाजू फुगलेली, आणि चिमटीत धरली की आतला पातळ पडदा हळूच निसटत होता. शंकेला जागाच नव्हती. दोन महिन्यांचं वासरू उंदराएवढं असतं असं आम्हाला पहिल्याच तासाला शिकवतात. तो उंदराएवढा जीव माझ्या हाताखाली होता, आणि बाबांनी आत्ताच दिलेलं औषध त्याला चार दिवसांत बाहेर काढणार होतं.

उपाय होता. गाभ टिकवायचं इंजेक्शन लगेच सुरू केलं तर कधी कधी निभावतं. हे मला पक्कं माहीत होतं. मी मोजा काढून त्याला गाठ मारली आणि दारातून बाहेर बघितलं. बाबा हात पुसता पुसता काहीतरी बोलून मावशींना हसवायला बघत होते. त्यांच्यासमोर बाबांना चुकलात म्हणायचं? माझी जीभ टाळ्याला चिकटली. मी ठरवलं, गाडीत सांगू.

गाडीत बाबांनी विचारलं, "हात घातलास?"

"हो."

"मग?"

रस्त्यावरची नजर काढून त्यांनी माझ्याकडे बघितलं. असं ते कधी करत नाहीत. मला ते फार थकलेले दिसले. तीस वर्षांत एकदा चुकलेल्या माणसाला ते सांगणारी मी नको व्हायला, एवढंच त्या क्षणी मला वाटलं.

"रिकामी," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

मग घरापर्यंत ते शीळ घालत गाडी चालवत राहिले.

पुढचे तीन दिवस मी हेच घोळवत राहिले. सकाळी वाटायचं, आज सांगू. संध्याकाळी वाटायचं, आता सांगून काय उपयोग. चौथ्या दिवशी सकाळी मावशींचा फोन आला. गाय गाभडली होती.

तांबडी गव्हाणीपाशी शांतपणे चारा खात होती. मावशींनी नालीतून उचललेलं पत्र्याच्या थाळीत ठेवून वर फडकं टाकलं होतं. बाबांनी फडकं उचललं. उंदराएवढंच होतं. चार पाय मोजता येत होते.

"रिकामी म्हणाला होतात ना, डॉक्टर?" मावशींच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"चुकलो," बाबा म्हणाले. "राहिली होती. माझ्या इंजेक्शनने पडलं."

मावशींनी फडकं पुन्हा थाळीवर ओढलं. "दुसरा कुणी असता तर आणखी एकाला दाखवून घेतलं असतं," त्या म्हणाल्या. "तुमच्यामागून कुणाला काय दाखवायचं."

मी तिथेच उभी होते. बाबांनी माझं नाव घेतलं नाही, आणि मीही घेतलं नाही.

परत येताना एका वळणावर बाबांनी गाडी बाजूला घेऊन बंद केली.

"तुला लागलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"मग रिकामी का म्हणालीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं." बोलताना माझी मलाच लाज वाटली.

बाबांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. "ही तीन बोटं. दीड वर्ष झालं, यांना काही कळत नाही. साखरेमुळे. तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. अंगठ्यावर आणि अंदाजावर निभावतोय. आणि तू घरी आलीस की तुझ्यावर."

"माझ्यावर?"

"तुला वाटतं मी अजून तुझी परीक्षा घेतो? गेल्या सुट्टीपासून मी खरंच विचारतोय. त्या दिवशी मला शंका होती. तरी मावशींसमोर इंजेक्शन दिलं, माझाच हट्ट. म्हटलं, शेपूट आहे मागे, ती चुकायची नाही. टिकवायचं औषध मागच्या पेटीत होतं. तू 'आहे' म्हणाली असतीस तर इथूनच गाडी वळवली असती."

मी रडले. बाबांपुढे मी लहानपणीसुद्धा तशी रडले नव्हते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मला वाटलं, या बोटांना माझे केस लागतही नसतील.

"म्हणून लहान प्राणी घे म्हणत होतात?" डोळे पुसत मी विचारलं.

"हात माझ्यापेक्षा चांगला आहे तुझा. पण माझ्यापुढे तुझं तोंड उघडत नाही. या कामात हात निम्मा आणि तोंड निम्मं. मला वाटलं, दुसऱ्या कामात गेलीस तर माझ्या मागे मागे राहणार नाहीस."

"आता काय लिहू?"

"ते मला विचारू नकोस. मी पुन्हा काहीतरी सांगेन आणि तू पुन्हा मान डोलावशील."

शेवटच्या तारखेला मी प्रजननच लिहिलं. पेन्सिलीचे दोन शब्द खोडले आणि पेनाने लिहिलं, 'मला कळलं होतं आणि मी सांगितलं नाही.' विभागप्रमुखांनी मुलाखतीत विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं.

प्रवेश मिळाला. कॉलेज सुरू व्हायच्या आधी मावशींनी बोलावलं. तांबडी पुन्हा भरवली होती, आणि पुन्हा दोन महिने ती माजावर आली नव्हती. बाबांनी मोज्यांचा डबा माझ्या हातात दिला, स्वतः गायीच्या मागे गेले आणि शेपटी बाजूला धरून उभे राहिले. मला हे लहानपणापासून हवं होतं. असं नको होतं.

मी हात घातला. एक बाजू बघितली, दुसरी बघितली, पुन्हा पहिली. कुठेतरी तो पडदा निसटावा म्हणून मी किती वेळ शोधत राहिले ते माझं मला माहीत. मावशी माझ्याकडे बघत नव्हत्या. सवयीने त्या बाबांकडेच बघत होत्या, आणि बाबा माझ्याकडे.

"रिकामी आहे, मावशी," मी म्हणाले.

"नक्की?" बाबांनी विचारलं.

"नक्की."

मी हात बाहेर काढला, मोजा उतरवला, गाठ मारली. मावशी टॉवेल आणायला आत गेल्या. बाबा अजून शेपटी धरूनच उभे होते.